भोंग्यावरची स्तोत्रं

माझा राग गोंडपिपरीच्या बाजारापर्यंत माहीत होता. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, आवाजही तसाच तयार झाला. निवृत्त होऊन गावी आलो तर त्या आवाजाला वावरात काम मिळालं. आमच्याकडे चण्यात माकडं उतरतात. त्यांना हाकलायला बॅटरीवरचा भोंगा लावतात आणि त्यात माणसाचं ओरडणं भरून ठेवतात. माझ्या शिव्या भरल्या, माकडं थेट नाल्यापार! मग काय, शेजारचे लोक मेमरी कार्ड घेऊन दारात उभे. एका हंगामात मी चार वावरांत एकाच वेळी शिव्या देत होतो आणि स्वतः ओसरीवर बसून चहा पीत होतो.

भोंग्यात भरता येणार नाहीत अशा शिव्या मात्र मी मोठ्या भावाला दिल्या. दोघांच्या वावरांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर मोहाचं झाड. फुलं कोणी वेचायची यावरून जुंपली आणि मी म्हणालो, "दात पाडून हातात देईन." साठी ओलांडलेला माणूस, तोंडात दात मोजकेच. तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद होतं.

अशात पोरीचं लग्न ठरलं. पोरगी म्हणाली, "मोठेबाबा नाई आले तं मी हळदीले बसत नाई." माझीच पोरगी, बोलली म्हणजे बोलली. लग्नाला वीस दिवस राहिले. मी दोनदा भावाच्या दाराशी गेलो आणि दोन्ही वेळा तोंडात शिवी आली म्हणून परत फिरलो. बीपी एवढं चढलं की दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

तिथल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी मी घरी निघताना हातात बायबलातल्या स्तोत्रांचं छोटं पुस्तक ठेवलं. "भाऊ, गोळी जेवणानंतर, हे जेवणाआधी. मोठ्यानं वाचायचं. मन थंड होते."

"बाई, आम्ही बौद्ध. आमच्या घरी वंदना होते. देवाशी आपलं काही घेणंदेणं नाई."

"भांडण देवाशी आहे का?"

"नाई, भावाशी."

"मंग वाचा."

वाचायला लागलो. हिरव्या कुरणाची, शांत पाण्याची स्तोत्रं मला पटेनात. आमच्याकडे हिरवं दिसलं की माकड आलंच. पण पुढच्या पानांत एक माणूस भेटला, तो देवाला सांगत होता की माझ्या वैऱ्यांचे दात पाड. मी ताडकन उठून बसलो. अरे, हा तर आपलाच माणूस! याचाही धुऱ्याचा वाद असणार. वैऱ्यांना धुऱ्यापार हाकलणारी तेवढी स्तोत्रं मी शोधून काढली, रोज खड्या आवाजात वाचली आणि खरं सांगतो, बीपी उतरलं. मनाला एवढी शांती मी कधी अनुभवली नव्हती. एक दिवस मोबाइलवर रेकॉर्डही केलं, म्हणजे पडल्या पडल्या ऐकता येईल.

इकडे माकडं माझ्या जुन्या शिव्यांना सरावली होती. शिव्या चालू असताना चण्याचे घाटे सोलून खात. बायको म्हणाली, नवा आवाज भरावा लागते. मी झोपलो होतो. ती माझा मोबाइल घेऊन दुकानात गेली आणि म्हणाली, "ह्यायचं शेवटचं ओरडणं कार्डात टाकून द्या." भल्या सकाळी तिनं शिडीवर चढून भोंगा लावला आणि शिडी घेऊन घरी आली.

दहाच्या सुमाराला मी वावरात पोचलो. लांबूनच माझा आवाज ऐकू येत होता: देवा, वैऱ्यांचे दात पाड! माकडं धुऱ्यावर ओळीनं बसून ऐकत होती, कार्यक्रमाला आल्यासारखी. आणि धुऱ्यापलीकडे भाऊ उभा होता, गालावर हात ठेवून. गाल टम्म सुजला होता.

मी भोंग्याकडे धावलो. भोंगा मोहाच्या फांदीवर बांधलेला, माझा हात पुरेना. उड्या मारून राह्यलो, माकडं बघून राह्यली. तेवढ्यात स्तोत्र संपलं आणि मला आठवलं. वाचून झाल्यावर मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो होतो. ओसरीवर एकटाच बसून जे बोललो होतो, ते आता अख्ख्या शिवाराला ऐकू जात होतं.

"ऐकून राह्यला का? तू आहे का नाई, मले माहीत नाई. पण दात नको पाडू त्याचे. चारच उरले असतील बिचाऱ्याचे. लहानपणी मले ताप आला होता तं खांद्यावर घेऊन दवाखान्यात चालत गेला होता तो. पोरीच्या लग्नाले येजो म्हणावं. मले सांगता येत नाई. तोंड उघडलं का शिवीच निघते."

मग खोकला. मग बायकोचा आवाज, भाकर थंडी होऊन राह्यली. मग पुन्हा पहिल्यापासून: देवा, वैऱ्यांचे दात पाड!



"सकाळपासून ऐकून राह्यलो," भाऊ म्हणाला. तीन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य. "अन् चार नाई, सहा होते. काल एक उपटला. आता पाच आहेत."

मी मान खाली घातली.

"देवाकडून निरोप कायले पाठवतं बे? मी इथी उभा आहो. काय सांगाचं ते तोंडानं सांग."

मी तोंड उघडलं. लग्नाची तारीख सांगायची होती, माफी मागायची होती. निघाली ती शिवीच, तीही अशी की बसमध्ये कधी दिली नसेल. माकडं नाल्यापार पळाली.

भाऊ जागचा हलला नाही. सुजलेला गाल धरून तो धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, "हं. पुढं बोल."