नवीन तक्रार नाही

तिला मी ‘हेडफोन’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जरूर. हाडांच्या वॉर्डाची मी नऊ वर्षं इन्चार्ज आहे आणि या नऊ वर्षांत इतकी बेताची नर्स माझ्या हाताखाली दुसरी आली नाही. वाईट नव्हती. वाईट असती तर निदान भांडायला तरी मजा आली असती. ती नुसती पाट्या टाकायची. वेळेवर यायची, इंजेक्शनं बरोबर द्यायची, चादरी ताणून घालायची, आणि ड्युटी संपायच्या अर्धा तास आधी पर्स खांद्याला लावून खुर्चीच्या कडेवर बसायची.

आणि या बाईला परदेशी जायचं होतं.

हा किडा तिच्या डोक्यात नणंदेने सोडला. नणंद तिकडे कुठल्याशा वृद्धाश्रमात कामाला आहे आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भांडी घासायचं मशीन दाखवते. मशीन उघडते, बंद करते, परत उघडते. बघून बघून नवऱ्याला वेड लागलं. त्याने इतका जाड कोट आणून ठेवला की कपाटाचं दार लागेना. निकाल नाही, व्हिसा नाही आणि साहेब शेजाऱ्यांना विचारतायत, आमच्या मागे कुंड्यांना पाणी कोण घालेल म्हणून. मुलीने शाळेत मैत्रिणींचा निरोपसुद्धा घेऊन टाकला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या या बाईच्या तीन पेपरांवर अख्खं घर बॅगा भरून बसलं होतं.

पेपर तीन. इंग्रजी वाचन, इंग्रजी श्रवण आणि नर्सिंगचं ज्ञान. त्यासाठी तिने क्लास लावला. पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्याच्या माडीवर हा क्लास. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते, उगाच बघायला. उगाच म्हणजे अगदीच उगाच नव्हे. वीस वर्षांपूर्वी मीही असाच एक फॉर्म भरला होता आणि परीक्षेच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी बसले होते. तर ते असो. क्लासचे सर स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत, आणि हॉस्पिटलात गेले असतील तर ते जन्माला येतानाच. पण परदेशातल्या हॉस्पिटलबद्दल असे बोलतात की जणू कालच तिथून डिस्चार्ज घेऊन आलेत. खाली पत्रा ठोकतायत, वर स्पीकरवर एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगतेय, आणि समोर पंचवीस नर्सेस माना वाकवून लिहितायत. कुणीतरी म्हणालं, सर, ऐकू येत नाही. सर म्हणाले, “इथे जमलं तर तिथे जमणारच.” टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

वाचनाचा पेपर तिचा दुसऱ्या खेपेला सुटला. त्यात उतारे असतात, कधी पेंग्विनांचे, कधी जुन्या पुलांचे. सरांनी युक्ती शिकवली की उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचा आणि त्यातला शब्द उताऱ्यात कुठे दिसतो ते शोधायचं. अशा रीतीने आमची हेडफोन उतारा न वाचता वाचनात पास झाली.

नर्सिंगच्या ज्ञानाची गंमत तर विचारू नका. एकोणीस वर्षं नोकरी केलेली बाई पहिल्या सराव परीक्षेत धडाधड नापास झाली. कारण सोपं आहे. त्या पुस्तकातल्या हॉस्पिटलात एका नर्सकडे चार पेशंट असतात. आमच्याकडे दोघींत बत्तीस. पुस्तक विचारतं, पेशंटला धाप लागली, तुम्ही सर्वांत आधी काय कराल? ही लिहिते, डॉक्टरांना फोन. चूक. पेशंट कण्हतोय, आधी काय कराल? ही लिहिते, नातेवाइकांना बाहेर काढेन. चूक. सर म्हणाले, “डॉक्टरांना फोन हा पर्याय दिसला की डोळे मिटून खोडायचा. आधी पेशंटजवळ जायचं, बघायचं, विचारायचं. तिकडे तसंच असतं.” तिने ते पाठ केलं आणि पास झाली. वॉर्डात मात्र फोनच लावत राहिली. तिचं काय चुकलं? मीही तेच करते.

राहता राहिलं श्रवण. त्यात ती तीनदा आपटली. बाकीच्या दोन पेपरांच्या निकालाची मुदत संपत आली होती. या चौथ्या खेपेला श्रवण सुटलं नाही, तर तिन्ही पेपर पुन्हा पहिल्यापासून, आणि भरती करणाऱ्या एजंटने तर सांगूनच टाकलं होतं की पुढच्या तुकडीत तुमचं वय बसणार नाही. म्हणजे हा शेवटचा डाव. बाईचा जीव टांगणीला लागला. डबा खाताना कानात हेडफोन, सलाइन लावताना एका कानात हेडफोन. मी दोनदा ओरडले, तेव्हा तो केसांखाली लपवायला लागली.

तिचं चुकतंय कुठे, हे सरांना कळत नव्हतं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण मी कशाला सांगू? मला तिची तडफड बघायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. शेवटी एके दिवशी टेबलावर डोकं टेकून रडायला लागली तेव्हा माझा संयम सुटला.

“अगं, तुला इंग्रजी येतं,” मी म्हटलं. “तुला ऐकता येत नाही. टेपवरची बाई तोंड उघडते आणि तू उत्तर लिहून मोकळी होतेस. ती म्हणते, मला मंगळवारी यायचंय. तू लिहिलंस मंगळवार. पुढे ती म्हणते, नाही नाही, मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी येते. तोपर्यंत तू पुढच्या प्रश्नावर. बरोबर?”

तिने डोकं वर केलं. “मॅडम, तुम्हाला कसं कळलं?”

कसं कळलं! वॉर्डात आम्ही सगळ्या जणी हेच करतो म्हणून कळलं. सकाळी आल्या आल्या फाइली घेऊन बसायचं, कालच्या नोट्स समोर ठेवायच्या आणि उतरवून काढायच्या. झोप चांगली, जेवण बरं, नवीन तक्रार नाही. बत्तीस वेळा नवीन तक्रार नाही. मग राउंडला जायचं. पेशंट काय बोलणार ते त्याच्याआधी आम्हाला ठाऊक असतं. त्याने ‘दुखतंय’ म्हणायच्या आत आम्ही ‘दुखणारच’ म्हणून पुढच्या पलंगाशी पोचलेल्या असतो.

“माणसाचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसायला शिक,” मी म्हटलं. “सराव कर. बत्तीस जण पडलेत इथे, फुकट.”

मी टोमणा मारला होता. त्या बाईने तो गृहपाठ म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून हेडफोन एक नंबरपासून रोज तीन-चार पलंग सरावाला घ्यायची आणि वही घेऊन तिथे उभी. विचारायची, “काय होतंय?” आणि समोरच्याचं बोलणं संपून वर पाच आकडे मोजून होईपर्यंत तोंड उघडायची नाही. त्याचं काय होतंय, याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. मुद्दे टिपायचे, शेवटी काय बदललं ते बघायचं, स्वतःला मार्क द्यायचे. पेशंट बिचारे हुरळून गेले. जन्मात कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. एक आजी मला म्हणाल्या, “ती सिस्टर देवमाणूस आहे.” मी कपाळाला हात लावला.

गुरुवारी पाळी अकरा नंबरची आली. अकरा नंबरला खुब्याचं ऑपरेशन झालेले आजोबा होते, निवृत्त पोस्टमन. बोलायला अतिशय संथ. एक शब्द बोलून दुसरा शोधायला जात. त्यांच्याजवळ आम्ही कुणी थांबत नसू, कामं पडलेली असत.

“पाय दुखतो,” आजोबा म्हणाले.

ती गप्प. मनात पाच आकडे.

“ऑपरेशनचा नाही,” आजोबा म्हणाले. “दुसरा. पोटरीत. सोमवारपासून.” आणि मग, आणखी थोडं थांबून, “सोमवारी मोठ्या सिस्टरना सांगितलं. मंगळवारी तुम्हाला. कालही तुम्हालाच.”

तिने सगळं शब्दनशब्द टिपलं आणि मग चादर उचलली. चांगल्या पायाची पोटरी सुजून तुकतुकीत झाली होती, हाताला गरम लागत होती. पडून असलेल्या पेशंटच्या पायात रक्ताची गाठ होते आणि ती सुटून वर फुप्फुसात जाऊ शकते, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. ती धावत माझ्याकडे आली. डॉक्टरांना फोन मीच केला. तपासणी झाली, गाठच होती. औषध सुरू केलं, पण दुपारी आजोबांना धाप लागली आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं.

स्ट्रेचर गेलं आणि आम्ही दोघी फाइल घेऊन बसलो. सोमवारची नोंद माझी. मंगळवार, बुधवार तिची. तिन्ही दिवस नवीन तक्रार नाही. आजची जागा कोरी होती.

“मॅडम, दुखणं कधीपासून लिहू?” तिने विचारलं. वही तिच्या हातात उघडीच होती.

तिला काय लिहायचं ते पक्कं माहीत होतं. सोमवार लिहिलं तर चौकशी, चौकशी झाली की दोघींना मेमो, आणि सेवापुस्तकात मेमो असला की परदेशी जाण्यासाठी लागणारा चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळत नाही. मग श्रवणात पैकीच्या पैकी पडले तरी काय उपयोग? हे सगळं तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं. तिला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं, म्हणजे पाप माझ्या खात्यावर. इतकी भित्री बाई मी पाहिली नाही.

आणि मी तरी काय दिवे लावले? “आज सकाळपासून,” मी म्हटलं. “आणि वहीचं ते पान दे इकडे.”

तिने पान नीट फाडून दिलं. मी त्याचे बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकले, वर कापसाचे बोळे टाकले. पुढच्या रविवारी ती परीक्षेला गेली.

आजोबा नऊ दिवसांनी आमच्याकडे परत आले, अर्धे होऊन. दोन पावलं टाकली की दम लागायचा. मुलगी सोबत असायची. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा आजोबांवर चांगलेच चिडले. “अहो, पाय एवढा सुजेपर्यंत सांगायचं नाही? तीन-चार दिवस आधी कळलं असतं तर ही वेळ आली नसती.”

“सांगितलं होतं,” आजोबा म्हणाले. “सोमवारी.”

डॉक्टरांनी फाइल उलटून पाहिली. सोमवार, मंगळवार, बुधवार. मग ती मुलीपुढे धरली. मुलीने वाचलं आणि वडिलांकडे वळून लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, “बाबा, तुम्ही गुरुवारी सांगितलंत. इथे लिहिलंय बघा.” आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मी औषधांच्या ट्रेमधल्या बाटल्या उगाच सरळ करत होते.

निकाल लागला. श्रवणात तिला क्लासमधल्या सगळ्यांत जास्त गुण. सरांनी जिन्यात तिचा भलामोठा फोटो लावला आणि खाली ‘आमची पद्धत, तुमचं यश’ असं छापलं. दाखल्याच्या अर्जावर सही माझीच लागत होती. मी केली. जायच्या आठवड्यात ती केक घेऊन वॉर्डात आली आणि पलंगापलंगाशी जाऊन निरोप घ्यायला लागली. केकची बशी माझ्या हातात दिली होती, म्हणून मी मागोमाग.

अकरा नंबरपाशी ती थांबली. आजोबा मध्ये घरी जाऊन खुब्याच्या तक्रारीने पुन्हा त्याच पलंगावर आले होते, उद्या त्यांना सोडणार होते. त्यांनी हात जोडले.

“सिस्टर, तुमच्यामुळे वाचलो,” ते म्हणाले.

ती गप्प राहिली. सवय लागली होती, वाक्य संपायची वाट बघत होती.

“चूक माझीच,” आजोबा म्हणाले. “मला वाटत होतं, मी सोमवारीच सांगितलं. पण वय झालं. मनात म्हटलेलं आणि तोंडाने बोललेलं, यातला फरक आता कळत नाही मला. उगाच तुम्हा लोकांवर आळ घेतला.”

मुलगी म्हणाली, “हल्ली असंच करतात हो. आम्ही मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.”

आता ही बोलेल, असं मला वाटलं. बोलली असती तर मी तिला मूर्ख म्हटलं असतं, आणि तिच्यापुढे मान खाली घातली असती. तिकीट हातात आलं होतं, दाखला मिळाला होता, आता तिचं कोण काय वाकडं करणार होतं? आणि मलाही तोंड होतंच.

हेडफोनने आजोबांच्या पायावरची चादर सारखी केली.

“असू दे आजोबा,” ती म्हणाली. “यापुढे काही दुखलं, तर लगेच सांगायचं हं.”

आजोबांनी आज्ञाधारकपणे मान हलवली, आणि मी बशी पुढे केली.