दोनदाबे

कारखान्यात त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. तो दोनदाबे. यंत्रांना ग्रीस देत फिरायचं त्याचं काम; बेअरिंगला दिवसाला ग्रीसगनचे दोन दाब, तिसरा नाही. मग समोर खुद्द मॅनेजर का उभा असेना! नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा चिकट आहे. अहो, चिकट कसला! बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं की छर्‍यांना फिरायला जागा उरत नाही. ते ग्रीस घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं. "उपाशी बेअरिंग मरतं, तसं लाडावलेलंही मरतं," हे तो एकतीस वर्षं कानीकपाळी ओरडत आला होता.

आता निवृत्तीला सात महिने होते आणि अंगात त्राण नव्हतं. बायको म्हणायची, "ते ग्रीस जरा स्वतःच्या गुडघ्यांना घाला." त्यावर हसायचंही त्याच्या जिवावर यायचं.

त्या दुपारी मोठ्या पंख्याचं बेअरिंग इतकं तापलं की हात ठेववेना. सीलमधून ग्रीस बाहेर आलेलं. सुपरवायझर पंख्याची देखभाल करणाऱ्या फिटरवर उखडला. "दोनदाबे असं करणार नाही. हा तुझाच आगाऊपणा! वर कळवतो थांब." फिटरने मान खाली घातली.

दोनदाबेने खिशातला फेरीचा कागद काढला; ग्रीस दिलं की तो त्यावर खूण करी. पंख्याच्या नावापुढे तीन खुणा होत्या, तिन्ही आजच्या, तिन्ही त्याच्याच हातच्या. सकाळची एक त्याला आठवत होती. बाकीच्या दोन काही केल्या आठवेनात.

कबूल करावं तर उद्यापासून फेरी बंद, सात महिने गेटवर खुर्ची उबवायची. गप्प बसावं तर फिटरच्या नोकरीवर गदा.

"साहेब, मीच दिलं. तीनदा दिलं. विसरलो."

"काहीतरीच काय दादा! त्याला कशाला पाठीशी घालताय?"

"घालत नाही हो. हा बघा कागद."

सुपरवायझरने कागद पाहिला, दोनदाबेकडे पाहिलं आणि तो ऑफिसकडे गेला.

पंखा बंद करून फिटर जादा ग्रीस बाहेर काढण्यासाठी बेअरिंगखालचं बूच उघडायला बसला.

"तू का बोलला नाहीस रे?" दोनदाबेने विचारलं.

"काय बोलू, दादा? या महिन्यातली ही चौथी वेळ. आधीच्या तिन्ही वेळी बेअरिंग तापायच्या आत मी जादा ग्रीस काढून टाकलं. आज पोचायला उशीर झाला."

दोनदाबेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिथेच खाली बसला आणि त्याने ग्रीसगन फिटरच्या हातात दिली.