चिखलात घातल्याशिवाय फोर बाय फोर घेऊ नका

मंडळी, बुटांवरचा चिखल अजून वाळायचाय, पण आत्ताच सांगतो.

आज पावणे गावात एक जुनी लक्झरी फोर बाय फोर बघायला गेलो. रंग कोरा, सीट कोऱ्या. मालक अभिमानाने म्हणाले, "एकदाही चिखलात घातली नाही."

मी फिदा. बायकोने विचारलं, "मग चारही चाकं ओढतात हे कशावरून?"

मालकांना मागे बसवून गाडी तळोज्याजवळच्या चिखलात घातली. चारही चाकांनी माती उडवली आणि गाडी सरळ चढावर. काय मजा आली सांगू.

मागून मालक म्हणाले, "साहेब, एकदा मी चालवू?"

चालवली. उतरले ते चावी खिशात घालूनच. आता विकायची नाही म्हणे.

तर, गाडी चिखलात घालून बघाच. पण मालकाला सोबत न्यावं का, तुम्हीच सांगा.