आत्याच्या काढ्याचा निकाल

विद्याधर गेल्याचं त्याच्या आत्यानंच फोनवर कळवलं. “चाय पितापिता गेलो. अर्धो कप तसोच रवलो,” म्हणाली आणि फोन ठेवला… त्याला पाच आठवडे झाले. शोकसभेत एका वक्त्यानं त्याला ‘ऋषितुल्य’ म्हटलं. प्रयोगशाळेचा एसी दुरुस्त व्हावा म्हणून ऋषींना किती अर्ज करावे लागत, ठाऊक नाही. विद्याधरला सात लागले.

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, तो औषधी झाडं तपासायचा. मलेरियावर लोक ज्या झाडाचं नाव घेत, त्याचा अर्क तो बशीतल्या जंतूंवर घाली. जंतू बहुधा मजेत राहत. मेलेच, तर त्याच अर्कानं माणसाच्या यकृताच्या पेशीही मरत, म्हणजे औषध म्हणून बाद. वीस वर्षं हेच.

मग एकदा त्यानं कांदिवलीहून आत्याचा काढा आणला. सातविणीची साल, घरची कृती. तापात अख्खी इमारत तोच पिई. जंतू साफ, पेशी ठणठणीत. विद्याधर हवेत. इमारतीच्या मंडळानं सत्कार ठरवला, आत्याच्या फोटोचा फलक छापला. तेवढ्यात काढ्यातली रसायनं वेगळी करताना त्याला त्यात मलेरियाच्या नेहमीच्या गोळीचं औषध सापडलं. आम्ही दोघं तडक तिच्याकडे गेलो.

“आत्ये, काढ्यात गोळ्या घालतेस?”

“घालतंय. आरोग्यवाली बाई देऊन जाता, कडू म्हणान लोक टाकून देतत. काढो आधीच कडू. कोणाक कळता?”

“किती घालतेस?”

“अंदाजान.”

“पोरांनाही तोच?”

“तोच. थोडो कमी.”

वीस वर्षांतला एकुलता एक शोध गेला होता, पण ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. कुठल्या पोराच्या पोटात किती गेलं असेल, या विचारानं तो पांढराफटक पडला होता.

सत्काराला शाल अंगावर असतानाच त्यानं माइकवर सगळं सांगून टाकलं. हा काढा कुणी पिऊ नका. आधी विचारलं नाही, ही चूक माझी. अध्यक्षांनी तरीही त्याला ‘वनौषधींचा दीपस्तंभ’ म्हटलं. भाषण आधीच लिहून झालं होतं. आत्या पहिल्या रांगेत होती. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो दर रविवारी जाऊन तिच्या स्वयंपाकघरात बसे, ती त्याच्यापुढे भाकरी आपटे…

परवा आत्याकडे गेलो तेव्हा खालच्या मजल्यावरची सून तापलेला मुलगा घेऊन आली होती. “आजी, काढा देता का थोडा?” आत्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथे विद्याधरच्या अक्षरातला कागद होता : आधी रक्त तपासा. गोळी डॉक्टर सांगेल तेवढीच. काढा नाही.

सून कागद वाचून दवाखान्याकडे वळली. कागद फोडणीनं पिवळा झाला होता. मी म्हटलं, नवा लिहून देऊ का?

“तुझा अक्षर कोण ऐकतलो?” आत्या म्हणाली.