हवेवर ढकललेला आजार

"बीमारी आपके खून में है. वहीं से दिल और फेफड़ों तक पहुँची है," रक्तविकारांच्या डॉक्टर म्हणाल्या. हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम. नाव ऐकूनच धाप लागावी! इओसिनोफिल म्हणजे जंत वगैरेंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. माझ्या रक्तात त्यांची इतकी भाऊगर्दी झाली होती की त्या माझ्याच अवयवांवर उठल्या होत्या.

मला रडू आलं नाही, संताप आला. वर्षभर मी दिल्लीला खेटून असलेल्या आमच्या गुरुग्रामच्या डॉक्टरांना सांगत होते, खोकला थांबत नाही, जिना चढवत नाही. उत्तर एकच: "पोल्यूशन है जी." ऑफिसात तेच, सोसायटीच्या लिफ्टमध्येही तेच. रक्तात इओसिनोफिल वाढलेले दिसले, तर जंतांच्या गोळ्या दिल्या. तेही दोनदा! माझा नवरा प्रमोद एअर प्युरिफायर आणत सुटला, आणि शेवटी त्याने मला हवापालटासाठी माहेरी दापोलीला धाडलं.

तिथे समुद्राची स्वच्छ हवा. तरी अंगणातून विहिरीपर्यंत जाताना मी मटकन खाली बसले. आई म्हणाली, "दिल्लीचा धूर साठलाय गं छातीत, निघेल हळूहळू." म्हणजे दापोलीतही खापर दिल्लीवरच!

परतले ती भांडायच्या तयारीनेच. नव्या डॉक्टरांनी पोल्यूशन म्हणताच मी म्हटलं, "दापोली में कौन सा पोल्यूशन है, डॉक्टरसाहब? समंदर है वहाँ!" मग त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितली. हृदयाच्या आत रक्ताची गुठळी निघाली. त्याच दिवशी ॲडमिट. मग छातीचा सीटी स्कॅन, बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, आणि तासन् तास बाकांवर बसणं. "थोड़ी और देर होती तो मुश्किल था," रक्तविकारांच्या त्या डॉक्टर म्हणाल्या.

म्हणून सांगते, शहर सोडूनही धाप लागत असेल तर शहराला शिव्या घालत बसू नका. हृदय तपासा, रक्त तपासा म्हणून हटून बसा. लोक भांडकुदळ म्हणतील, म्हणू देत.

स्टेरॉइडने पेशी आटोक्यात आल्या, रक्त पातळ करणाऱ्या औषधाने गुठळी विरघळली. हृदयाचा थोडा भाग मात्र कडक झाला तो झालाच. स्टेरॉइडने चिडचिड वाढते म्हणे, आणि माझी मुळात काही कमी नव्हती. परवा प्रमोदने माझ्या गोळ्या भलतीकडेच ठेवल्या. मी त्याला असं काही फैलावर घेतलं की बस. तो नुसता ऐकत उभा, डोळे भरलेले. मीच वरमले.

"लागलं का रे तुला?"

"नाही गं," तो म्हणाला, "मध्ये एकदाही श्वासाला थांबली नाहीस."