दहा सेकंदांची यादी

अकोल्याच्या आमच्या घरात मी पुस्तकांआधी पत्रकं वाचली. आई अंगणवाडी सेविका. संघटनेची पत्रकं तीच टाइप करायची आणि ती वाटायला मी तिच्यासोबत पार परतवाड्यापर्यंत जायची. हक्काचं मानधन अडवणं ही चोरी आणि चोरी ती चोरीच, हे मी त्या पत्रकांतच शिकले. म्हणून बारावीत असताना आमच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज दुकानदारानं विकत न घेता असंच उतरवून दिलेलं आहे हे कळल्यावर मी आईलाच धारेवर धरलं.

"हक्काचं लिहितं अन् चोरीच्या मालावर?"

"मले काय मालूम," आई म्हणाली. "कर तुले काय करायचं ते. पण माह्ये पत्रकं गेले नाही पाहिजेत."

तिची बारा वर्षांची पत्रकं त्याच डिस्कवर होती. म्हणून जुनं न पुसता मी डिस्कचे दोन भाग केले आणि मोकळ्या भागात लिनक्स टाकलं, विंडोजचंच काम करणारं पण रीतसर फुकट मिळणारं.

"एका चुलीवर दोन सुना," आई मागून म्हणाली. "पाहू किती दिवस जमते."

लिनक्समध्ये मी पहिलं पत्रक उघडलं. ते ज्या जुन्या फॉन्टमध्ये होतं तो लिनक्समध्ये नव्हता, त्यामुळे 'मानधन' असायला हवं तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला. आईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी घाईघाईनं विंडोज सुरू करून तेच पत्रक दाखवलं, तेव्हा कुठं ती खुर्चीत टेकली.

तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू करताना दोन नावांची यादी यायची. दहा सेकंदांत निवडलं नाही तर लिनक्स सुरू व्हायचं. पहिला मान मी तत्त्वानं त्याला दिला होता. आई बटण दाबून कुकर लावायला जायची, येऊन पाहते तर लिनक्स. मग बंद करून पुन्हा चालू. मोर्चाच्या आदल्या दिवशी ती कणकेच्या हातानं कीबोर्डच्या खालच्या बाणावर बोट ठेवून उभी दिसली.

"काहून उभी आहेस?"

"तुही लाडकी सून पहिले येते ना."

त्याच संध्याकाळी मी क्रम बदलला. तत्त्वातली ती माझी पहिली माघार.

आता मी अमरावतीत राहते. आई पत्रकं मोबाइलवर लिहिते, तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यावरून मी कुणाशीही भांडेन. पण एका कोपऱ्यात विंडोजही आहे, रीतसर विकत घेतलेलं, फक्त तिची जुनी पत्रकं उघडायला. यादी आली की मी बाणावर बोट ठेवते. बटण फार स्वच्छ लागतं. तिच्या बटणाला कायम वाळलेली कणीक असायची.