जेल काढायला गेले आणि नखं सोलून आले

मैत्रिणींनो, राग अजून उतरला नाहीये.

जेल नेलपॉलिशचं कौतुक इथे मीच केलं होतं. भांडी घासा, भाकरी थापा, तीन आठवडे चमक हलत नाही. ते खरंच आहे.

आज देवळाली कॅम्पातल्या पार्लरमध्ये ते काढायला गेले. अ‍ॅसिटोनमध्ये बोटं भिजवायची सोडून पार्लरवालीने सरळ लोखंडी पट्टीने खरवडायला घेतलं. मी ओरडले, तर म्हणते, "ताई, भिजवत बसायला वेळ कुठंय? बाहेर चार जणी थांबल्यात."

घरी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि जीव कळवळला. नखं कागदासारखी पातळ झालीत.

चिडून फोन केला, तर म्हणे, "परत जेल लावा ना, झाकून जाईल!"

आणि मी? शनिवारी बहिणीचा साखरपुडा, म्हणून मुकाट्याने अपॉइंटमेंट घेतली.

आता सांगा, शिव्या कोणाला घालू?